उन्हाची बाजू

निगडी प्राधिकरणातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी तायक्वांदोचा क्लास भरतो. भिंतीवर एकीकडे गणपतीची तसबीर, दुसरीकडे मेंटेनन्स थकवलेल्यांची यादी आणि मधोमध कोरियाचा झेंडा. पांढरे ढगळ कपडे घातलेली मुलं ‘हाना, दुल, सेत, नेत’ असे कोरियन आकडे मोजत हवेला लाथा मारतात. दारात आईबाप ताटकळलेले असतात. कुणाच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच लोंबत असतं, कुणाच्या पायांत सेफ्टी शूज. परवा एका चिमुरड्याने मध्येच हात वर करून विचारलं, “सर, आपल्या हॉलमध्ये पेप्सीची जाहिरात का लावलीय?” आम्ही सगळे हसलो. सर हसले नाहीत. “तो झेंडा आहे. आधी वाकून नमस्कार,” एवढंच म्हणाले. पोराने नमस्कार केला आणि उत्तरासाठी तसाच उभा राहिला. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि उत्तर राहून गेलं.

ते घरी येता येता माझ्या वाट्याला आलं, कारण नात माझं बोट धरून होती. मी तिला सांगितलं, वरचा लाल म्हणजे यांग. ऊन, दिवस, ऊब, धावपळ. खालचा निळा म्हणजे यिन. सावली, रात्र, गारवा, स्वस्थपणा. कोपऱ्यांतल्या काळ्या पट्ट्या म्हणजे आकाश, पृथ्वी, पाणी आणि अग्नी. विचार मूळचा चीनचा. कोरियाने तो आपलासा केला आणि 1883 मध्ये झेंड्यावर चढवला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे लाल चांगला आणि निळा वाईट ना?”

असं वाटणं साहजिकच होतं. तिच्या वयाच्या मुलांना आपण ज्या गोष्टी सांगतो त्यांत राक्षस काळोखातून येतात आणि उजाडलं की पळ काढतात. प्रार्थनेतसुद्धा अंधाराकडून उजेडाकडेच जायचं असतं. उलट वाट कुणी मागत नाही. यिन आणि यांग यांच्यात असं भांडण नाही. तिथे सावली ही उन्हाची शत्रू नाही आणि रात्र हा दिवसाचा पराभव नाही. बिघडतं ते एकाने आपली वेळ संपल्यावरही जागा सोडली नाही तर. जुनं चिनी वैद्यक आजाराकडेही असंच बघतं: अंगात एकाचा जोर वाढला आणि दुसरा दबला. आता हे सगळं आठ वर्षांच्या मुलीला रस्ता ओलांडताना कसं सांगायचं? “दोघंही चांगले,” म्हणून मी सुटका करून घेतली. मुलांना हे उत्तर कधीच पटत नाही.

एकदा डोळ्यांत भरल्यावर ती आकृती निगडीत जागोजागी दिसू लागली. काळी-पांढरी, एकमेकींच्या शेपटीमागे लागलेल्या दोन माशांची. चीनमध्ये त्यांना मासेच म्हणतात. काळ्यातला पांढरा ठिपका आणि पांढऱ्यातला काळा ठिपका हे त्यांचे डोळे. एका बुलेटच्या टाकीवर तिचं स्टिकर होतं, मागच्या मडगार्डवर ‘आईचा आशीर्वाद’. टिळक चौकाकडे जाताना अॅक्युप्रेशरच्या एका पाटीवर ती होती. हसरा बुद्ध आणि तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक विकणाऱ्या दुकानात ती कीचेनला टांगलेली होती. दुकानदाराला विचारलं, हे कशासाठी? “घरात बॅलन्स राहतो, मॅडम,” तो म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने किंमत कमी केली.

हा शब्द आता सगळीकडे आहे. बॅलन्स. पगाराचा, आहाराचा, कामाचा, मनाचा. त्यात मला नेहमी भाजीवालीचा तराजू दिसतो, काटा मध्यावर येऊन थांबलेला. चित्रातले मासे मात्र थांबलेले नाहीत. काळा जिथे सर्वांत रुंद होतो तिथूनच पांढऱ्याची बारीक शेपटी सुरू होते. पांढरा वाढत वाढत पुरता फुगला की त्याच्या पायाशी काळा उगवलेला असतो. निम्मं-निम्मं वाटून मोकळं होण्यापेक्षा पाळी येण्या-जाण्याचं ते चित्र आहे. कागदावर ते स्थिर दिसतं, कारण कागदाला फिरता येत नाही.

कोरियाचा झेंडा आमच्या हॉलपर्यंत खेळामुळे पोचला, पण या औद्योगिक पट्ट्यात त्याची ये-जा गाड्यांमुळेही आहे. तळेगावला जनरल मोटर्सचा मोठा कारखाना होता. 2020 च्या डिसेंबरात तिथली शेवटची गाडी बाहेर पडली. तो कारखाना घ्यायला त्याच वर्षाच्या सुरुवातीला एक चिनी कंपनी पुढे आली होती, ग्रेट वॉल मोटर्स. मग जूनमध्ये गलवानमध्ये भारत-चीन चकमक झाली, दोन्ही देशांच्या संबंधांवर बर्फ पडलं, परवानग्या अडकल्या आणि 2022 मध्ये तो व्यवहार मोडला. पुढच्या वर्षी ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. यिन-यांगचं मूळ गाव आलं नाही, ते चिन्ह झेंड्यावर मिरवणारा शेजारी आला. मधल्या काळात त्या फाटकासमोर चहाची टपरी चालवणाऱ्याला चीन आणि कोरिया यांतला फरक विचारला असता तर त्याने बहुधा एकच सांगितलं असतं: कोण का येईना, शिफ्ट सुटली पाहिजे.

या कल्पनेचं पहिलं रूप फार साधं होतं. तत्त्वज्ञान नाही, देव नाही, एक टेकडी. टेकडीची उन्हातली बाजू यांग, सावलीतली यिन. चीनमधला माणूस दक्षिणेकडच्या उतारावर ऊन बघायचा, उत्तरेकडच्या उतारावर सावली. घर कुठे बांधायचं, धान्य कुठे वाळवायचं, हे त्यावरून ठरायचं. टेकडी एकच. सूर्य सरकला की बाजू बदलल्या.

निगडीला टेकडीची वानवा नाही. दुर्गा टेकडीवर पहाटेपासून माणसं चढत असतात. वर देवीचं देऊळ, दाट झाडी, पायवाटा, हास्यक्लबचे गडगडाट. सकाळी पूर्वेच्या वाटेवर ऊन असतं. तिथे गुडघेदुखीवाले आणि डॉक्टरांनी ‘ड’ जीवनसत्त्व सांगितलेले चालतात. पश्चिमेच्या वाटेवर दव असतं, ओल्या पाल्याचा वास असतो आणि दोन बोटांत दोन बोटं गुंतवून बसलेली कॉलेजची मुलं असतात. संध्याकाळी सगळं उलटं. मुलं पूर्वेला येतात, म्हातारे पश्चिमेचं ऊन गाठतात. कुणी कुणाला सांगत नाही.

इथे आपल्या टेकडीची एक गंमत आहे, जी त्या जुन्या चिनी टेकड्यांच्या नशिबात नव्हती. पिवळ्या नदीच्या खोऱ्यातली जुनी राजधानी लोयांग सुमारे साडेचौतीस अंश उत्तर अक्षांशावर. तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच. दुपारी दक्षिणेचा उतार कायम भर उन्हाचा, उत्तरेचा कायम कमी उन्हाचा. निगडी साडेअठरा अंशांच्या जरा वर. मे महिन्याच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी विजेचा खांब आपली सावली पायाशी गिळून उभा राहतो. मग पुढचे दोन-अडीच महिने, जुलैच्या अखेरीपर्यंत, दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे एरवी कमी ऊन मिळणाऱ्या उत्तरेच्या उतारावर दुपारचं ऊन जास्त थेट पडतं आणि दक्षिणेच्या बाजूला ते जरा तिरपं येतं. पण गंमत अशी की त्याच दिवसांत पाऊस येतो. जुलैत टेकडीवर सूर्य दिसतो कुणाला? उत्तरेच्या उताराची पाळी येते ती ढगांच्या आड. आली कधी, गेली कधी, कळतही नाही.

वर्षाच्या या फेऱ्याचा हिशेब चिनी लोकांनी रेघांत मांडला. जगभर आय चिंग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात सहा-सहा रेघांच्या 64 आकृत्या आहेत. अखंड रेघ यांगची, मधे तुटलेली यिनची. हिवाळ्यात सर्वांत मोठी रात्र येते तेव्हाच्या आकृतीत पाच तुटक रेघा असतात आणि तळाशी एकच अखंड. अंधार भर माथ्यावर असताना उजेडाने खालून पाऊल ठेवलेलं. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी याच्या उलट: पाच अखंड रेघांखाली एक तुटकी रेघ गुपचूप येऊन बसलेली. आपल्याकडे संक्रांतीपासून दिवस तीळतीळ वाढतो म्हणतात, तेव्हाही गारठा काही हटलेला नसतो. आणि बहुतेक वर्षी जूनमध्ये, दिवस सर्वांत मोठे असतात त्याच सुमाराला, तुकोबांची पालखी देहूहून निघून निगडीवरून आकुर्डीच्या मुक्कामाला जाते. पताका, टाळ, प्लास्टिकच्या कागदाच्या खोळी. सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे. उन्हाळ्याच्या पोटात पावसाची रेघ कधीची आलेली असते.

कल्पना जितकी जुनी तितकं चित्र जुनं नाही. अकराव्या शतकात झोउ दुन्यी या विचारवंताने विश्वाच्या उगमाची एक आकृती समजावून सांगितली, पण ती एकाखाली एक वर्तुळांची उतरंड होती. आपण ओळखतो ते एकमेकांत वळलेले मासे चिनी ग्रंथांत ठळकपणे दिसतात ते चौदाव्या शतकात, मिंग राजवटीच्या सुरुवातीला, झाओ हुइचिएन याच्या पुस्तकात. विचार आधी जगला, चित्र मागाहून आलं. आणि चित्र आलं ते असं की कुणालाही आपलं वाटावं. नील्स बोर यांना 1947 मध्ये डेन्मार्कने मोठा सन्मान दिला तेव्हा त्यांना स्वतःचं कुलचिन्ह ठरवायचं होतं. त्यांनी हीच आकृती निवडली. प्रकाश एका प्रयोगात लाट वाटतो आणि दुसऱ्यात कण, आणि दोन्ही उत्तरं जवळ ठेवल्याशिवाय प्रकाश पुरता सांगता येत नाही, यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला दुसरं कोणतं चिन्ह शोभलं असतं?

आमच्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. तळवड्यात त्यांचं छोटं टूलरूम आहे, दोन वायरकट मशिनं आणि चार माणसं. गुरुवारी, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या रविवारी, ते पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतात. मी त्यांना सहज म्हटलं, तुमच्या मशीनवर ही आकृती कापता येईल का? त्यांनी कंपास मागवला आणि पेपरच्या कोऱ्या समासात ती काढली. एक मोठं वर्तुळ. त्याच्या व्यासावर दोन्हीकडे निम्म्या मापाची दोन अर्धवर्तुळं, एक वर, एक खाली. झाली मधली नागमोडी रेघ. “गंमत बघा वहिनी, ही वाकडी रेघ बाहेरच्या परिघाच्या बरोब्बर निम्मी भरते. म्हणजे प्रत्येक माशाचा घेर पुन्हा मोठ्या वर्तुळाएवढाच.” मी शाळेत भूमिती शिकवली आहे, पण हे कधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. अर्धा वाटा मिळूनही सीमा पुऱ्याची.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला शॉपवर बोलावलं. वायरकटमध्ये पाव मिलिमीटरची पितळी तार दोन गाइडमधून सतत सरकत राहते. ती जॉबला शिवत नाही. पाण्यात तार आणि पोलाद यांच्यामध्ये ठिणग्या पडतात आणि ठिणगीगणिक पोलाद झिजत जातं. बाहेरून काही दिसत नाही. पाण्याचा आवाज, निळसर लुकलुक आणि स्क्रीनवर सरकणारा एक ठिपका. “कागदावरच्या रेघेला जाडी नसते,” ते म्हणाले. “आमच्या रेघेला असते. तार खाते.” तारेची जाडी आणि दोन्हीकडची ठिणगीची फट मिळून तेवढं पोलाद पाण्यात वाहून जातं. एकाच चकतीतून दोन मासे काढले तर ते परत जोडताना मधे फट राहणारच. दोघांचंही थोडं थोडं गेलेलं असतं.

मग फट नको असेल तर? तर ऑफसेट द्यायचा, तार रेघेच्या एका अंगाला सरकवायची. म्हणजे एका माशाचं माप पुरं राहतं आणि सगळा घास दुसऱ्याचा जातो. त्यांनी तसंच केलं. एक चकती पोलादाची, एक पितळेची. पोलादातला पुरा मासा ठेवला, पितळेतला पुरा ठेवला, आणि दोघं एकमेकांत असे बसले की नख फिरवलं तरी सांधा लागेना. डोळ्यांच्या जागी भोकं पाडून पोलादात पितळेची आणि पितळेत पोलादाची पिन ठोकली. बाजूला दोन खाल्लेले मासे उरले, एक पोलादाचा, एक पितळेचा. ते स्क्रॅपच्या डब्यात जायच्या आत मी मागून घेतले. “ते कशाला? चांगला तुमच्यासाठीच केलाय,” ते म्हणाले. मी दोन्ही जोड्या आणल्या. नात चांगल्या जोडीशी खेळते. खाल्लेली जोडी माझ्या टेबलावर आहे; दोघांना शेजारी ठेवलं की मधे चांगली रुंद फट राहते.

त्यांचं एक वाक्य मनातून जाईना. ऑफसेट कोणत्या बाजूला द्यायचा हे कापायच्या आधी ठरवावं लागतं.

माझे वडील आकुर्डीच्या एका कारखान्यात होते. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, आठवड्याला बदल. रात्रपाळीच्या आठवड्यात आमच्या दोन खोल्यांत दिवसाउजेडी रात्र व्हायची. खिडकीला निळी चादर, कुकरच्या शिट्टीवर ओला फडका, रेडिओ बंद. आम्ही भावंडं ओठांच्या हालचालींवर भांडायला शिकलो. संध्याकाळी वडील उठायचे तेव्हा त्यांची सकाळ असायची आणि आमच्या परवच्याची वेळ. निम्म्या निगडी-आकुर्डीचं तेव्हा असंच होतं. कारखाना चोवीस तास चालवायचा तर कुणाला तरी रात्र उलटी नेसावी लागते. लहानपणी मला त्या अंधाराचा राग यायचा. आता त्या निळ्या चादरीतून गाळून येणारा दुपारचा उजेड आठवतो आणि वाटतं, दिवसाच्या पोटात रात्र कशी बसते, हे मला शाळेत जायच्या आधीच माहीत होतं.

वडिलांची पाळी बदलायची. रात्रीनंतर पहिली यायची, पहिलीनंतर दुसरी. चक्र फिरायचं. आईचं काय? पहिली पाळी असली की ती चारला उठून डबा करायची. दुसरी असली की रात्री साडेबाराला ताट वाढायला जागायची. रात्रपाळी असली की दहाला डबा भरून, दिवसभर घर दबक्या आवाजात ठेवायची. त्या तिन्ही पाळ्या तिच्याही होत्या, फक्त तिच्या कार्डावर त्यांची नोंद नव्हती, कारण तिला कार्डच नव्हतं. 1948 च्या कारखाने कायद्याने बाईला सकाळी 6 ते संध्याकाळी 7 एवढ्याच वेळात कामाला लावायची परवानगी होती. हेतू संरक्षणाचाच होता. स्वयंपाकघराला मात्र तो कायदा लागू नव्हता.

चीनमध्येही यिन-यांगची गोष्ट सुखाची राहिली नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, हान राजवटीत, दोंग चोंगशू नावाचा मोठा विद्वान होऊन गेला. त्याने यिन-यांगची सांगड राज्य आणि घर यांच्याशी घातली: राजा यांग, प्रजा यिन, बाप यांग, मुलगा यिन, नवरा यांग, बायको यिन. आणि यांग वरचढ. टेकडीच्या बाजू दिवसात बदलतात हे तो विसरला, किंवा विसरणं सोयीचं होतं. उन्हाची बाजू कुणाची हे एकदाच ठरवून टाकलं की फिरणारं चक्र उतरंड होतं. तारेचा घास कायम एकाच अंगाला.

आपल्याकडे तरी वेगळं काय? अमृतानुभवाच्या पहिल्याच प्रकरणात ज्ञानदेव शिव आणि शक्तीला वंदन करतात ते दोघांना वेगळं करता येणार नाही अशा रीतीने. घारापुरीच्या लेण्यात अर्धनारीश्वर आहे. एका अंगाला शिव, दुसऱ्या अंगाला पार्वती, मधून वरपासून खालपर्यंत जाणारी न दिसणारी रेघ. शिल्पकाराने त्या देहाला कमरेत असं वळवलंय, नंदीवर असं रेलवलंय, की ती रेघ सरळ राहतच नाही. इतका मोठा विचार दगडात आणि ओवीत ठेवूनही आमच्या घरात चारला कोण उठतं, हे कधी बदललं नाही. शब्दांत अद्वैत असतं, ओट्यापाशी एकटीच बाई असते. आणि तरी त्या विचाराला खोटं म्हणावंसं वाटत नाही. तो नसता तर हे खटकलं तरी कशावरून असतं?

भक्ती-शक्ती चौकातून जाताना मला ‘यिन कोण, यांग कोण’ हा खेळ खेळायची सवय लागली आहे. बागेत तुकोबा आणि शिवाजी महाराजांच्या भेटीचं शिल्प, भोवती उड्डाणपुलाचे वळसे, खालून चाकण-तळेगावकडे जाणारे कंटेनर. यातला यांग कोण? लहान मूलही सांगेल, महाराज. तलवार, घोडा, राज्य. मग तुकोबा यिन. पण महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला अशी कथा आहे. नाही म्हणण्याची ती ताकद मृदू म्हणायची? आणि एवढं राज्य उभं करणारा माणूस एका वाण्याच्या कीर्तनात येऊन बसतो, ते बसणं कोणत्या रंगाचं? एकाला एक रंग द्यावा तर लगेच त्याच्या पोटात दुसरा ठिपका दिसतो. दोघांपैकी कुणालाही लहान करावं लागत नाही, म्हणून तो चौक बरा वाटतो. बाकी सिग्नलला सगळे हॉर्न वाजवतात.

तायक्वांदोतही यिन-यांगचा चढ-उतार निराळ्याच क्रमाने शिकवतात, हे मला नातीमुळे कळलं. त्यांच्या आठ कवायती आय चिंगच्या तीन रेघांच्या आठ चिन्हांवर बेतलेल्या आहेत. पहिली कवायत आकाशाची, तीन अखंड रेघांची. मग तळं, अग्नी, मेघगर्जना, वारा, पाणी, डोंगर. आठवी पृथ्वीची, तिन्ही रेघा तुटक. पोरं आकाशापासून सुरुवात करतात आणि पुष्कळ वर्षांनी जमिनीवर येतात. आपल्याकडे वर चढणं म्हणजे शिकणं. इथे शेवटचा धडा खाली उतरण्याचा. पट्टासुद्धा पांढऱ्याकडून काळ्याकडे जातो. नातीचा आत्ताच पिवळा झाला आहे. तिला अजून आकाशच येतंय.

तिच्या आईबापांचं वेळापत्रक आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं असतं. मुलगा तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये. त्याचा दिवस अमेरिकेच्या दिवसाला बांधलेला. सून चाकणच्या एका प्लांटमध्ये क्वालिटीला, शिफ्ट फिरती. आठवड्यामागून आठवडे ती दोघं जिन्यात भेटतात. एकाच्या हातात बॅग, दुसऱ्याच्या हातात किल्ली. “दूध आलंय. पोरीचा प्रोजेक्ट राहिलाय. गॅसवाल्याला फोन कर.” एवढाच संसार. मला त्यांची काळजी वाटायची. मग कधीतरी दोघांच्या वेळा जुळल्या, पूर्ण आठवडा दोघंही संध्याकाळी घरी. पहिल्या दिवशी बाहेरून जेवण मागवलं, हसणं-खिदळणं झालं. दुसऱ्या दिवशी पंख्याच्या वेगावरून वाजलं. तिसऱ्या दिवशी टीव्हीच्या रिमोटवरून. चौथ्या दिवशी नात वैतागून म्हणाली, “तुमच्यातलं एक जण कामाला जा ना!”

खालच्या गृहस्थांना मी हे सांगितलं तेव्हा ते जोरात हसले. पत्रा कापणाऱ्या डाय आणि पंच यांच्यात मुद्दाम फट ठेवतात, म्हणाले. कमी ठेवली तर टूल लवकर झिजतं, जास्त ठेवली तर कापलेल्या पत्र्याला बर राहते, हाताला लागते. किती ठेवायची हे पत्र्याच्या जाडीवरून आणि जातीवरून ठरतं. त्याचे तक्ते असतात. मी विचारलं, घरासाठी आहे का तक्ता? ते बायकोकडे बघून म्हणाले, “आमच्याकडे ट्रायल घेणं चालूच आहे.”

पुढच्या महिन्यात सुनेची रात्रपाळी आहे. कायदा आता अटींसह परवानगी देतो, कंपनीची गाडी दारापर्यंत येते आणि तिला भत्ताही हवा आहे. तिने फ्रिजवरच्या कागदावर ते दोन आठवडे आखून ठेवलेत. खिडकीसाठी जाड पडदा मी आणला, निळा नाही, करडा. मुलगा म्हणतो, त्या दिवसांत तो घरून काम मागून घेईल. रात्री दहाचा तिचा डबा कोण भरणार, यावर अजून आमचं बोलणं झालेलं नाही.